टेम्पोचं भाडं तर किरकोळच
घर घेऊन शिफ्ट होण्याच्या खर्चावरच्या तुमच्या लेखात मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि टेम्पोभाडं धरून बजेट मांडलंय. ठीक आहे, पण रीसेलचा, म्हणजे आधीच्या मालकाकडून फ्लॅट घेणाऱ्याला खरा फटका दुसरीकडेच बसतो.

आम्ही परळच्या चाळीतून मुलुंडला आलो. फ्लॅट 80 लाखांचा. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. फक्त बायकोच्या नावावर घेतला असता तर 1 टक्का सूट, 80 हजार वाचले असते. आम्ही हौसेने दोघांची नावं घातली. सूट गेली!

मग सोसायटी. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्याचं हस्तांतरण शुल्क 25 हजारांच्या वर घेता येत नाही, हे मला माहीत होतं. सेक्रेटरींनी ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने’ म्हणून आणखी 50 हजार मागितले. लेखी मागा म्हटल्यावर विषय थंडावला. सामान चढवायला लिफ्टचे पैसे मात्र घेतलेच.

आणि फुटकळ खर्च? त्यांची तर गणतीच नाही. जुन्या खिडक्यांचे पडदे नव्या खिडक्यांना आखूड, आईचं शिसवी कपाट लिफ्टमध्ये मावेना म्हणून हमालांना मजल्यामागे जादा पैसे, ग्रिल, गीझर, मीटर नावावर करणं, वास्तुशांतीचं जेवण. शिवाय चाळीत पाणी-झाडलोट धरून महिन्याला जेवढं जायचं, तेवढ्यात इथे मेंटेनन्सचा आठवडाही निघत नाही. ईएमआय ठरवताना तो धरलाच नव्हता.

पावसाळ्यात शिफ्टिंग करू नका, गाद्या भिजल्या आमच्या.