त्या तिघी टबात बसलेल्या नाहीत

आज एका ग्रुपवर अमेरिका सहलीचे फोटो आले. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला, म्हणजे तिथल्या संसद भवनातला, संगमरवरी पुतळा आणि खाली कॅप्शन, 'टबात बसलेल्या तीन आज्या'. वर पन्नास हसऱ्या इमोजी. डोकंच फिरलं. विनोदही स्वतःचा नाही, तिथलाच जुना, उष्टा.

त्या लुक्रेशिया मॉट, एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी, अमेरिकेत बायकांच्या हक्कांसाठी लढलेल्या. अँथनीने १८७२ साली रॉचेस्टरमध्ये कायदा धाब्यावर बसवून मत टाकलं. अटक झाली, १०० डॉलर दंड झाला, तो तिने कधीच भरला नाही. १९२० साली देशभर बायकांना मताधिकार मिळाला, तेव्हा तिघींपैकी एकही हयात नव्हती.

तुम्हाला टब दिसतो तो न घडवलेला दगड आहे. ॲडलेड जॉन्सनने कॅराराच्या संगमरवरातून तिघींचे चेहरे नि खांदे काढले, बाकी दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवला. मागे चौथा उंचवटाही तसाच, बिनचेहऱ्याचा.

१५ फेब्रुवारी १९२१ ला, अँथनीच्या जन्मदिवशी, घुमटाखालच्या गोल दालनात, रोटुंडात, थाटात अनावरण झालं. आणि लगेच, काही दिवसांत, पुतळा खाली क्रिप्टमध्ये! वरून त्यावरचा सोनेरी मजकूर रंग फासून झाकला. बाईला आधी आत्मा नाकारला, मग अक्कल नाकारली, असं त्यात लिहिलं होतं. झोंबलंच असणार.

तब्बल ७६ वर्षं तळघरात. वर आणायचं म्हटलं की कुणाला वजन आठवायचं, कुणाला सौंदर्य. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला, पण हलवायचा खर्च सरकारी तिजोरीतून नाही म्हणे. मग देणग्या गोळा झाल्या आणि १९९७ च्या मे महिन्यात तिघी वर आल्या.

देखणा नाही, मान्य. गुलामीत जन्मून बायकांच्या हक्कांसाठी लढलेली सोजर्नर ट्रुथ त्यात का नाही, हा कृष्णवर्णीय बायकांचा सवालही रास्तच होता. तिचा अर्धपुतळा कॅपिटॉलमध्ये यायला २००९ उजाडलं.

आणि आपण तरी कुणाला हसावं? त्याच १९२१ साली मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं, तेही मालमत्ता वगैरे अटी पुऱ्या करणाऱ्या मोजक्यांनाच. त्यासाठी १९१९ मध्ये लंडनला जाऊन बाजू मांडणाऱ्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन, ही नावं त्या ग्रुपवर किती जणांना ठाऊक असतील?

असो, चिडून काय होणार. जाणार असाल तर कॅपिटॉलची टूर फुकट असते. रोटुंडात गाइड पुढे हाकेल, तरी पुतळ्याला वळसा घालून मागची बाजू बघा. क्रिप्टही त्याच टूरमध्ये येतं. सोजर्नर ट्रुथ मात्र इमॅन्सिपेशन हॉलमध्ये आहे, तिच्यासाठी टूरच्या आधी किंवा नंतर वेगळा वेळ काढा.