सायबर सुरक्षेचे काही घरगुती उपाय

मंडळी, नवीन तंत्रज्ञान आलंय आणि ते काही परत जाणार नाही. तेव्हा त्याच्यासोबत सुरक्षित कसं राहायचं हे कुणीतरी सांगायला हवं. तसं सांगणारे कमी नाहीत. बँका मेसेज पाठवून सांगतात, पोलीस शाळेत येऊन सांगतात. मध्यंतरी तर कुणालाही फोन लावा, आधी बच्चनसाहेब येऊन समजावून जायचे, मग पलीकडे रिंग वाजायची. घरात कुणाला विंचू चावला तरी आधी सायबर जागृती, नंतर डॉक्टर. एवढं होऊनही तुम्ही सुधारला नाहीत, म्हणून हा लेख. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. जळालेल्या मोटारी भरणाऱ्याचा सायबरशी काय संबंध, असं वाटत असेल तर वाचत राहा.

पहिला उपाय: कुणाचाही आवाज ओळखू नका. भाच्याचा फोन आला, रडत रडत म्हणाला, "मामा, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठव," तर आधी फोन ठेवा. आवाज जितका भाच्यासारखा, तितका संशय जास्त. आता मशीन कुणाचाही आवाज काढतं. 2024 च्या जानेवारीत खुद्द सचिन तेंडुलकरला जाहीर सांगावं लागलं की गेमच्या ॲपची जाहिरात करणारा तो माणूस मी नाही. त्याचं कुणी ऐकलं तरी, तुमच्या भाच्याचं कोण ऐकणार? जाणकार म्हणतात, घरात एक गुप्त शब्द ठरवून ठेवा, फोनवर आधी तो विचारा. आमच्याकडे ठरवला. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, 'सगळ्यांनी लक्षात ठेवा' म्हणून.

दुसरा उपाय: व्हॉट्सॲपवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या नावाला शेवटी 'एपीके' चिकटलेलं असेल तर ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारं ॲप असतं, त्या लग्नाला जाऊ नका, आहेर परस्पर वळता होतो.

तिसरा उपाय: अंगठा जपा. तुमचा अंगठा म्हणजे तुमची सही, तुमचं रेशन, तुमचं बँक खातं. माझा अंगठा वॉर्निशने काळा पडलाय आणि तांब्याची तार ओढून ओढून त्याच्यावरच्या रेषा पार सपाट झाल्यात. मशीनवर ठेवला की मशीन म्हणतं, हा माणूस नाही. कापूस वेचणाऱ्या बायांचं तेच. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली, रेशन दुकानात एकेक बोट पुसून, पदराला घासून, फुंकर मारून ठेवायचं, तरी दुकानदार म्हणतो, "मावशी, थंब येईना, उद्या या." आता काम सोडून अंगठा जपायचा तर पोट कशावर भरायचं, हा प्रश्न कृपया विचारू नका, तो सायबर सुरक्षेत बसत नाही. शिवाय आधारचं बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. लॉक केलं की चोराला तुमचा अंगठा वापरता येत नाही. तुम्हालाही येत नाही. पूर्ण सुरक्षा.

आधारचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 2022 च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयातून सूचना निघाली की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी द्या. दोन दिवसांत सूचना मागे. का, तर लोकांचा गैरसमज होईल. गैरसमज झाला नाही. आमच्या बसस्टँडवर अजूनही पोहे खाल्ल्यावर खालच्या कागदावर कुणाचा तरी फोटो, जन्मतारीख आणि बारा आकडे तेलात भिजून वर येतात.

चौथा उपाय: आकाशाकडे बघू नका. 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगरकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली होती. ड्रोन टेहळणी करून जातो आणि मागून चोर येतात, असं ग्रुपवर आलं होतं. ग्रुपवर आलं म्हणजे झालंच. 2018 च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी म्हणून पाच निरपराध माणसं जमावाने मारून टाकली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने काय केलं, तर एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. म्हणजे अफवा पसरवा, पण बेताने.

पाचवा उपाय डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतो त्याचा. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, कायद्यात तसलं काही नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं, थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. माझी खूण याहून सोपी आहे. जो पोलीस आपणहून फोन करतो, तासन् तास तुमच्याशी बोलतो आणि फोन ठेवायला तयार नसतो, तो खोटा. खरा फोन उचलत नाही.

ही खूण मला कुठून सापडली, ते आता सांगतो.

सहावा उपाय, सगळ्यात महत्त्वाचा: गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ नका.

हसू नका. आजवर सगळ्यांनी हेच शिकवलं की फसवणूक पैसे देताना होते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कुणी मागितला तर समजा घोळ आहे. मान्य. मी पिन टाकला नाही, ओटीपी सांगितला नाही, लिंक उघडली नाही. एक अनोळखी माणूस दुकानात आला, पाच एचपीच्या मोटारीचा स्टार्टर घेतला, भिंतीवरचा क्यूआर स्कॅन केला. पैसे आले की बोलणाऱ्या डबीतली बाई म्हणाली, "अठराशे पन्नास रुपये प्राप्त झाले." तो स्टार्टर पिशवीत टाकून गेला. याला धंदा म्हणतात.

मग काही दिवसांनी जालन्याच्या व्यापाऱ्याला तारेचे पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. बँकेत गेलो. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. खातं होल्डवर.

"कुणी टाकला होल्ड?"

"वरून आलाय."

"वरून म्हंजे?"

"सायबर."

"आवं, पण कामून?"

"ते त्यांनाच विचारा."

झालं होतं ते असं. दूरच्या एका राज्यात कुणाची तरी फसवणूक झाली. त्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, अगदी बरोबर केलं. 2021 पासून त्यासाठी एक यंत्रणा आहे. तक्रार आली की पैसे कुठून कुठे गेले ते शोधत जायचं आणि वाटेतल्या खात्यांवर होल्ड टाकायचा. चोराने पैशाचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, त्यातल्या एका तुकड्याने माझ्याकडून स्टार्टर घेतला. कॉम्प्युटरला चोर आणि दुकानदार यातला फरक कळत नाही. त्याच्या लेखी आम्ही दोघंही 'लेयर', म्हणजे पैशाच्या वाटेतला एकेक थर. बायको म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला काहीतरी पद मिळालं.

वादातली रक्कम अठराशे पन्नास. बंद झालं सगळं खातं. त्यात मोटारींचे ॲडव्हान्स, पोराची फी, दुकानाच्या कर्जाचा हप्ता. हप्ता बाऊन्स झाला, त्याचा दंड त्याच बँकेने लावला जिने पैसे अडवलेत. आणि डबी चालूच! खात्यात पैसे यायला मनाई नाही, फक्त बाहेर जायला आहे. दिवसभर ती बाई दुकानात बोंबलते, प्राप्त झाले, प्राप्त झाले. बाजारच्या दिवशी कामावरच्या पोराला हजेरी द्यायला मी शेजारच्या टपरीवाल्याकडून उसने घेतले, आणि ही बया बोलतेय, प्राप्त झाले.

बँकेने त्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचा नंबर दिला. उचलत नाहीत. उचलला तर भाषा कळत नाही. भाषा कळली तर, "मेल करो." काय मेल करायचं? स्टार्टरचं बिल, शॉप ॲक्ट, आधार, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि गिऱ्हाइकाची माहिती. गिऱ्हाइकाची माहिती! स्टार्टर विकताना आम्ही कुळगोत्र विचारत नसतो साहेब. मेल केला. उत्तर नाही. बँक म्हणते त्यांची एनओसी आणा. आमच्या इथले पोलीस म्हणतात, गुन्हा आमच्याकडे नाही. बँकेच्या ॲपवर एक कॉम्प्युटरची बाई आहे, गोड हसते, काहीही विचारा म्हणते. विचारलं. म्हणाली, तुमचं खातं सक्रिय आहे, आणखी काही मदत हवी का? बनी तो बनी, नहीं तो परभणी.

एका वकिलाने सांगितलं म्हणून कळलं. 1 जुलै 2024 पासून जो नवा कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या 106 व्या कलमात पोलिसांना जप्तीचा अधिकार आहे. पण केलेली जप्ती मॅजिस्ट्रेटला कळवायची, हेही त्याच कलमात आहे. वादातल्या रकमेपुरता होल्ड ठेवा, सगळं खातं गोठवू नका, असं निरनिराळ्या हायकोर्टांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. मग मी काय करायचं? अठराशे पन्नासच्या स्टार्टरसाठी हायकोर्टात जायचं? वकिलाची फी द्यायची कशातून, होल्डवरच्या खात्यातून?

असो. मी उपाय सांगत होतो. तर गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडून चारित्र्याचा दाखला, सातबारा, पोलीस पाटलाची ओळख आणि त्याच्या खात्यात पैसे कुठून आले त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. मगच क्यूआर दाखवा.

सातवा उपाय: आजारी पडू नका, म्हातारे होऊ नका, विधवा होऊ नका. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचा ओटीपी मागितला तेव्हा हा उपाय किती उपयोगाचा आहे ते आमच्या गल्लीतल्या दोघींना कळलं. दोघींचे नवरे आणि बाप कधीच गेलेत.

आठवा उपाय... नाही, जाऊ द्या. आठवा नाही, नववा नाही. मला आता गंमत येईना.

'सावध राहा' हे वाक्य जो तो आमच्या तोंडावर फेकतोय. बँक, सरकार, ॲपवाले, सगळे. यूपीआय 2016 मध्ये आलं तेव्हा स्क्रॅच कार्डं देऊन, दुकानात पोरं पाठवून, डब्या बसवून आम्हाला त्यात ओढलं. पैसे सेकंदात जातात म्हणून जगभर कौतुक करून घेता ना? मग सेकंदात चुकीचं झालेलं सोडवायला महिने का लागतात? कापायला कॉम्प्युटर आणि सोडवायला मेल, एनओसी, स्पीड पोस्ट? करणारं मशीन बसवताना निस्तरणारा माणूस बसवायची अक्कल कुणालाच आली नाही? की आली होती, पण त्याचा पगार द्यायचा नव्हता?

चोराचे पैसे फिरतात ती खाती कुणी उघडली? मी उघडली? माझी केवायसी पुन्हा पुन्हा नव्याने मागता, फोटो जुना झाला म्हणून खातं अडवता, आणि त्या लोकांना खाती मिळतात कशी? त्यांचे अंगठे बरे लागतात! म्हातारी बाई आयुष्यात पहिल्यांदा एफडी मोडून दुपारभरात चार अनोळखी खात्यांत पैसे पाठवते, तेव्हा तुमच्या हुशार कॉम्प्युटरला संशय येत नाही. स्टार्टर विकणाऱ्याचा येतो.

रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच परिपत्रक काढून सांगितलं. ग्राहकाची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी खात्यात घुसून पैसे काढले, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी नाही. कुठल्या काउंटरवर हे सांगतात? तिथे पहिला प्रश्न एकच, "ओटीपी कुणाला दिला होता?" तुझीच चूक असणार, हे आधी ठरलेलं.

आणि तुम्ही वाचणारे, तुम्हीही काही कमी नाही. माझं खातं बंद झालं हे कळल्यावर गावात पहिलं वाक्य काय होतं माहितीय? "काहीतरी केलं असल, त्याबिगर पोलीस हात लावत न्हाईत." याच लोकांच्या मोटारी मी रात्री बारा वाजता उघडून दिल्यात, पिकाला पाणी जावं म्हणून. यांच्याच घरातली कॉलेजातली पोरं पाच-दहा हजारांसाठी स्वतःचं खातं नि एटीएम कुणाच्या तरी हातात देतात, आणि घरच्यांना ते 'ऑनलाइन काम' वाटतं. विचारा की पोराला, कसलं काम आहे ते! विचारायला जीभ जड होते, माझ्याबद्दल बोलायला होत नाही.

होल्ड टाकायचा असेल तर टाका, चोर पकडला जात असेल तर माझे अठराशे पन्नास घेऊन जा, मी तक्रार करणार नाही. पण तेवढेच घ्या. होल्ड कुणी टाकला, कुठल्या तक्रारीत, किती रकमेसाठी, हे त्याच दिवशी मराठीत लिहून द्या. माझी बिलं तपासायला माझ्या जिल्ह्यातला एक माणूस ठेवा, ज्याच्या टेबलासमोर उभं राहून मला बोलता येईल. आणि तपासून झालं की ज्या वेगाने खातं बंद केलं त्याच वेगाने उघडा.