आस्कंद घ्या, पण त्यासाठी गोळ्या सोडू नका

पंधरा दिवसांपासून सोलापुरातल्या आमच्या तीन-चार ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: 'आस्कंद, ब्राह्मी आणि शेवग्याचा पाला २१ दिवस घ्या, डिप्रेशन मुळापासून जातं. वनस्पती आहे, अपाय शून्य. डॉक्टरांच्या गोळ्यांची सवय लागते, आजच बंद करा.' विडी घरकुलात राहणाऱ्या माझ्या मावशीनं तो वाचून खरंच डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्या, म्हणून हे लिहितेय. आस्कंद म्हणजे अश्वगंधा.

'मुळापासून जातं' हे खोटं आहे. आस्कंदात दम नाही असं मी म्हणत नाही. २०१२ साली आपल्याच देशात ६४ जणांवर चाचणी झाली. मुळांच्या अर्काचे ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे ६० दिवस दिले. ताण कमी झाला, रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोनही उतरलं. पण ती माणसं ताणाखाली होती, डिप्रेशनची रुग्ण नव्हती. शिवाय तो मोजूनमापून केलेला अर्क होता, पुडीत बांधून आणलेलं चूर्ण नव्हे. ब्राह्मीवरचा बराचसा अभ्यास स्मरणशक्तीचा आहे. शेवग्याची भाजी भाकरीबरोबर खुशाल खा, पण मनावरच्या परिणामाचे त्याचे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत.

'अपाय शून्य' म्हणणाऱ्यांनी धोतरा आठवावा. तो आस्कंदाच्याच कुळातला. आस्कंदानं थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते, गरोदरपणी तो टाळायला सांगतात. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, क्वचित का होईना.

आता गोळ्यांची सवय. डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. पण त्या एकदम तोडल्या की शरीर बंड करतं. चौथ्या दिवशी मावशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली, तर पान कापताना कात्री हातात ठरेना. "मान वळवली की डोक्यात करंट बसतोय गं," म्हणाली. आजार बाहेर पडतोय, असं तिला वाटत होतं! डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुढे सोडायच्या झाल्या तर हळूहळू कमी करू, म्हणाले. आस्कंदाची पुडी दाखवल्यावर त्यांनी आधी विचारलं, "थायरॉइडची गोळी चालू आहे ना?" चालू होती.

तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला तर खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाका. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.