आधी नोंद दुरुस्त करा

'सातबारा ब्लॉकचेनवर गेला की जमिनीचे घोटाळे संपतील आणि लोकांचा विश्वास आपोआप बसेल,' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. ब्लॉकचेन म्हणजे चढवलेली नोंद गुपचूप बदलता न येणारी संगणकीय वही. ती नोंद झाल्यानंतरची फिरवाफिरवी पकडेल, पण नोंदच चुकीची असेल तर? आमच्या मराठवाड्यात निजामकाळातली उर्दू कागदपत्रं, इनामी जमिनी, खासरा पत्रक (सर्व्हे नंबरवार जमिनीची जुनी यादी), असं सगळं पार करत सातबारा तयार झालाय. संगणकीकरणात आमच्या चुलत्यांचं क्षेत्र कमी लागलं. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली (लेखनातल्या चुकांची दुरुस्ती) तहसीलला अर्ज केला, तर तारीख पे तारीख!

त्यात याच संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातली, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या सरकारी दफ्तरातली, नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरतात. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी शेतकऱ्याची, आणि समोर न पुसता येणारी नोंद. ब्लॉकचेनवरच्या सातबाऱ्यासाठी नियम करायचेच तर आधी हे ठरवा: चुकीच्या नोंदीवर दुरुस्तीची नोंद कुणी चढवायची, किती दिवसांत, आणि नाही चढवली तर दंड कुणाला? लेखात 'पारदर्शकता' हा शब्द जागोजागी आहे, तक्रार कुठं करायची ते मात्र एका ओळीतही नाही.