एक्मो लागला, फ्लो मिळाला. मेंदूकडे कोण बघतंय?

एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन घालणारं आणि कार्बन डायऑक्साइड काढणारं यंत्र) सुरू झाला की सगळ्यांच्या नजरा कन्सोलवर खिळतात. परफ्युजनिस्ट (यंत्र चालवणारा) फ्लो म्हणजे यंत्रातून मिनिटाला किती रक्त वाहतंय ते बघतो, इन्टेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा डॉक्टर) फुप्फुसं बघतो, कार्डिअॅक टीम एको (हृदयाची सोनोग्राफी) बघते. मेंदूची आठवण होते ती चौथ्या-पाचव्या दिवशी, सिडेशन (गुंगीचं औषध) बंद करूनही पेशंट डोळे उघडत नाही तेव्हा. माझं ठाम मत आहे की त्या दिवशी सीटीत जे दिसतं त्याची सुरुवात बऱ्याचदा पहिल्या २४ तासांत झालेली असते, आणि त्यातलं बरंच टाळता येण्यासारखं असतं.

सगळ्यात आधी स्वीप गॅस (ऑक्सिजनेटर म्हणजे यंत्रातल्या कृत्रिम फुप्फुसातून सोडलेला वायू), कारण इथे चूक करणं फार सोपं आहे. फुप्फुसं निकामी झालेल्या पेशंटच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड दोन-तीन दिवस ९०च्या (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) घरात असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, मेंदूभोवतीच्या द्रवाने बायकार्बोनेट साठवून त्या पातळीशी जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी व्हीव्ही एक्मो (शिरेतून रक्त काढून शिरेतच परत) लावून ‘फ्लो चार लिटर, मग स्वीपही चार’ असं केलं, तर ऑक्सिजनेटर अर्ध्या तासात तो आकडा ४०वर आणू शकतो. एबीजीच्या (धमनीतल्या रक्ताच्या वायूंची तपासणी) कागदावर सगळं छान दिसतं. पण कार्बन डायऑक्साइड दर एक मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ ते ४ टक्क्यांनी घटतो. त्या अर्ध्या तासात मेंदूवर काय गुजरत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. एल्सो या एक्मोच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जागतिक नोंदींच्या विश्लेषणातही हेच दिसलं: व्हीव्ही एक्मोवर पहिल्या २४ तासांत कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून जास्त घसरलेल्यांमध्ये मेंदूची गुंतागुंत अधिक.

म्हणून अशा पेशंटला स्वीप १ ते २ लिटरवर सुरू करा. पहिला एबीजी १५ ते ३० मिनिटांत घ्या आणि मग अर्ध्या-अर्ध्या लिटरने वाढवा. पहिले काही तास दर तासाला एबीजी. ऑर्डरमध्ये ‘सीओटू नॉर्मल करा’ असं लिहू नका, ‘तासाला १० ते १५पेक्षा जास्त उतरू देऊ नका’ असं लिहा. नवीन लोकांसाठी एक खुलासा: ऑक्सिजन मुख्यतः रक्ताच्या फ्लोने वाढतो, कार्बन डायऑक्साइड स्वीपने उतरतो. आणि व्हीए सर्किटवर (शिरेतून रक्त काढून धमनीत परत) स्वीप कधीही पूर्ण बंद करायचा नाही, नाहीतर ऑक्सिजन नसलेलं रक्त सरळ महाधमनीत जातं.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. मांडीतून लावलेल्या व्हीए एक्मोत ऑक्सिजनयुक्त रक्त महाधमनीत खालून वर चढतं. हृदय अगदी कमजोर असेल तोवर ते मेंदूपर्यंत पोहोचतं. दोन-तीन दिवसांनी हृदय सावरतं, पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक) दिसायला लागतं, सगळे खूश होतात. पण फुप्फुसं अजून खराब असतील, तर हृदयातून बाहेर पडणारं रक्त निळंच असतं. महाधमनीच्या कमानीची पहिली फांदी उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला जाते, त्यामुळे ते निळं रक्त हृदयाला आणि मेंदूला मिळतं आणि लाल रक्त पायाला. पायाच्या बोटावर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) १००, उजव्या हातावर ७८. प्रोब पायाला असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. डावा हातही फसवतो, कारण दोन्ही रक्तं त्याच्या आधीच मिसळलेली असू शकतात.

तेव्हा आर्टेरिअल लाइन (धमनीतली नळी) उजव्या मनगटात, प्रोब उजव्या हाताला किंवा उजव्या कानाच्या पाळीला, आणि एबीजीच्या सिरिंजवर जागा लिहिलेली हवी. कपाळाच्या दोन्ही बाजूंना निअर-इन्फ्रारेडचे सेन्सर (मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देणारे) लावा. आकडा सुरुवातीच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी घसरला, ५०च्या खाली गेला किंवा दोन बाजूंत मोठा फरक पडला, तर सेन्सर नीट चिकटलाय का हे बघा आणि लगेच उजव्या हाताचा एबीजी पाठवा. फरक खरा निघाला तर आधी व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) वाढवा. फ्लो वाढवूनही मदत होते, पण डाव्या जवनिकेवरचा (हृदयाचा डावा खालचा कप्पा) भार वाढतो हे ध्यानात ठेवून. तेवढ्याने भागलं नाही तर मानेतल्या शिरेत जादा रिटर्न कॅन्युला (रक्त परत सोडणारी नळी), आणि हृदय खरंच सावरलं असेल तर सरळ व्हीव्ही.

याची उलटी बाजूही आहे. हृदय जवळपास थांबलेलं आणि ब्लेंडर (स्वीपमधला ऑक्सिजन ठरवणारा) १०० टक्क्यांवर असेल, तर मेंदूला ४००-५०० पीओटूचं (ऑक्सिजनचा दाब) रक्त मिळत राहतं. ३००च्या वर तर अजिबात राहू देऊ नका. हृदय बंद पडल्यावर एक्मो लावलेल्यांत ही काळजी दुप्पट.

रक्तदाबाची सरासरी ७०च्या वर. एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप) उघडतो का, हे रोज एकोवर. उघडत नसेल तर आत रक्त साचून गुठळी होते आणि तिचा पुढचा मुक्काम मेंदू असू शकतो. तापाबद्दल एवढंच: हीटर-कूलरचं (यंत्रातल्या रक्ताचं तापमान राखणारं उपकरण) पाणी ३६.५वर असेल तर पेशंटचा ताप दिसतच नाही, तो एक्मो काढल्यावर उसळतो. तेव्हा गाफील राहू नका.

हेपरिनवरून (रक्त गोठू न देणारं औषध) वाद कायम होतात. ढोबळमानाने व्हीएमध्ये गुठळीचा धोका जास्त, व्हीव्हीमध्ये रक्तस्रावाचा. पंपातल्या घर्षणाने व्हॉन विलेब्रांडचे (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) मोठे रेणू तुटतात, प्लेटलेट उतरतात, आणि एपीटीटी (हेपरिनचा परिणाम मोजणारी तपासणी) अगदी नेमका असतानाही मेंदूत रक्त उतरू शकतं. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका. मेंदूत रक्तस्राव दिसला तर हेपरिन थांबवा. फ्लो चांगला असेल तर सर्किट हेपरिनशिवाय बहुधा दिवसेंदिवस चालतं. ऑक्सिजनेटरवर दर शिफ्टला टॉर्च मारून गुठळ्या बघायच्या. सर्किट बदलता येतं.

सीटीला नेणं कटकटीचं असतं, मान्य. पण डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये नवीन फरक, झटका (फिट), एका बाजूची हालचाल कमी होणं किंवा सिडेशन उतरूनही जाग न येणं, यांपैकी काहीही असेल तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. नेताना भरलेले सिलिंडर, हँड क्रँक (पंप हाताने फिरवायचा दांडा), क्लॅम्प घ्या आणि एका माणसाला फक्त कॅन्युलावर हात ठेवायचं काम द्या.

आणि रोजची तपासणी. बाहुल्या दर तासाला. फेंटॅनिलने त्या टाचणीएवढ्या होतात, पण दोन्ही सारख्या हव्यात आणि प्रकाशाला किंचित का होईना हलायला हव्यात. फेंटॅनिल आणि मिडॅझोलाम ही सिडेशनची औषधं ट्यूबिंगला चिकटतात, म्हणून डोस चढत जातो आणि नंतर उतरायला वेळ लागतो. जमेल त्या दिवशी सिडेशन थांबवून चारही हातपाय हलवून घ्या. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर झटका बाहेरून दिसणार नाही, तिथे ईईजीच (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लागतो.

नातेवाइकांनो, तुम्हीही विचारू शकता: सिडेशन थांबवून शेवटची तपासणी कधी झाली? हातपाय हलवले का, चारही? उजव्या हाताचं सॅच्युरेशन किती आहे? ज्या टीमचं लक्ष आहे तिला हे प्रश्न टोचत नाहीत, तिच्याकडे उत्तरं चार्टवर लिहिलेली असतात.