उच्चार मोठेपणीही सरकतात
लहानपणी पक्का झालेला उच्चार पुढे बदलत नाही, हे उच्चारांवरच्या एका लेखातलं विधान मला फारच सरसकट वाटलं. राणी एलिझाबेथ यांची नाताळची भाषणं वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित होत गेली. ध्वनिशास्त्रज्ञ जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी त्यांतले १९५० आणि १९८०च्या दशकांतले स्वर मोजून पाहिले, तर ते दक्षिण इंग्लंडमधल्या सर्वसाधारण बोलण्याकडे सरकलेले निघाले (‘नेचर’ हे विज्ञान नियतकालिक, २०००). पूर्ण पोचले नाहीत, पण सरकले. आता राणीला कोण उच्चार सुधारायला सांगणार होतं?

कारण बहुधा साधं आहे. बोलताना आपण नकळत समोरच्याचा वेग, हेल, स्वर उचलतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात यावर सिद्धान्तच मांडला. त्यात उलटी बाजूही आहे: अंतर ठेवायचं असेल तर माणूस आपला उच्चार मुद्दाम वेगळा ठेवतो. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांना हेच दिसलं. पर्यटकांची गर्दी वाढत होती, आणि बेटावर जीव असलेल्यांच्या तोंडी खास बेटावरचे स्वर अधिक ठळक होते. तो अभ्यास १९६३चा. त्यामुळे ‘सगळे उच्चार हळूहळू एकसारखे होणार’ ही त्या लेखातली भीतीही मला पटली नाही.