उन्हात पॉलिश : चंद्रपूरच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की 'गाडीला उन्हात पॉलिश करू नका' हा माझा सल्ला बंद गॅरेज असणाऱ्यांसाठी ठीक आहे. तुमच्या सोसायटीत उघडं पार्किंग आहे, तुमचा पेंटर वर्षानुवर्षं भर उन्हात बफिंग मारतो, म्हणजे मशीनने घासून पॉलिश करतो, आणि गाड्या चकचकीत होऊन जातात. शिवाय रंग भट्टीतच भाजलेला असतो, मग ऊन त्याचं काय बिघडवणार?

भट्टीचा मुद्दा खरा आहे. कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंशांच्या आसपास भाजतात, वर्कशॉपच्या रंगकामाच्या बंद बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास. चंद्रपूरच्या मे महिन्यात काळं बॉनेट ७० अंशांपर्यंत तापलं तरी त्या रंगाला लगेच काही होत नाही. बिघडतं ते पॉलिशचं काम.

पॉलिश म्हणजे अतिशय बारीक घासणारी पूड, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची. ती पाण्यात, तेलात आणि द्रावकात कालवलेली असते. हा ओलावा आहे तोवर पूड मशीनच्या मऊ पॅडखाली सरकत राहते आणि ओरखड्यांच्या कडा हळूहळू उतरवते. तापलेल्या पत्र्यावर ओलावा बघता बघता उडून जातो आणि मागे राहतो तो कोरडा चिकट थर. मशीन त्याच्यावरच फिरत राहतं, नवे ओरखडे पडतात, पुडीचे गठ्ठे होतात, आणि पुसताना कापड रेटून घासावं लागतं. त्यात मशीनच्या घर्षणाची उष्णता वेगळीच. क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तो गरम झाला की जरा नरमही होतो, त्यामुळे पॅड किती खातंय याचा हाताला अंदाज राहत नाही.

आणि तो क्लिअर कोट असतो तरी किती? बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. फसलेलं पॉलिश दुरुस्त करायचं तर पुन्हा घासावं लागतं, आणि घासून गेलेला थर परत येत नाही. टपावरचा आणि बॉनेटवरचा रंग पांढरट पडून पापुद्रे निघालेल्या गाड्या तुमच्याकडे भरपूर दिसत असतील. त्याला मुख्य कारण ऊनच, पण ज्यांचा थर वारंवार बफिंग मारून आधीच पातळ झालाय, त्या गाड्यांवर ही वेळ लवकर येते. मला कळकळ वाटते ती एवढ्याचसाठी.

आता तुमच्या पेंटरच्या गाड्या चमकतात त्याबद्दल. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे, पण ती चमक एकदा तपासून बघा. अनेक कंपाउंडांतलं (जाडसर पॉलिशमधलं) तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि गाडी नवी दिसते. काही वेळा धुतली की तेल निघून जातं. पॉलिश झाल्यावर बॉनेटचा एक कोपरा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे तेल निघून जाईल, आणि गाडी उन्हात आणून तिरक्या नजरेने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे किंवा मशीनचे लांब पट्टे दिसले, तर ओरखडे नुसते झाकले गेले होते. या तपासणीला उन्हासारखा दुसरा उजेड नाही, काम मात्र सावलीत करा.

उघड्या जागेबद्दल तुम्ही जे म्हणता ते मला मान्य आहे. बंद गॅरेज महाराष्ट्रात कितीजणांकडे असतं? पण त्याची गरजही नाही. बाहेर काम करायला हरकत नाही, फक्त पत्रा थंड हवा. मे महिन्यात तुमच्याकडे सकाळी सहाच्या आधीच उजाडतं आणि रात्रभरात पत्रा निवलेला असतो. त्या वेळेत एक बॉनेट किंवा दोन दरवाजे होतात. एका दिवसात सगळी गाडी उरकायचा हट्ट कशाला? तळहाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर काम थांबवा. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोनच घ्या आणि लगेच पुसा. हिरवी नेट बांधता आली तर उत्तम. झाडाखाली मात्र नको, वरून चीक आणि पक्ष्यांची घाण पडते, शिवाय वाऱ्याने धूळ उडाली की ती थेट पॅडमध्ये जाते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेट खालून इंजिनने तापलेलं असतं, तेव्हा सुरुवात डिक्कीकडून करा.

पत्रा थंड करायला पाणी मारत असाल तर आधी गाडी सावलीत घ्या. बोअरचं जड पाणी गरम पत्र्यावर सुकलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, आणि ते काढायला पुन्हा घासणं आलं.

बंपरची जास्त काळजी घ्या. तो प्लॅस्टिकचा असतो, त्यामुळे मशीनची उष्णता पत्र्यावर पसरते तशी तिथे पसरत नाही, एकाच जागी साचते. कडांवर रंग आधीच पातळ असतो. तिथे मशीन लावूच नका, हाताने करा.